होर्डिंग, पॅम्प्लेट, रील की गूगल? दुकानाच्या जाहिरातीचा पैसा कुठे मुरतो आणि कुठे वाहून जातो

ठाण्यात किंवा नवी मुंबईत नवं दुकान उघडलं की पहिल्या काही दिवसांत गिऱ्हाइकांआधी जाहिरातवाल्यांचे फोन येतात. एकजण गूगलवर पहिल्या नंबरवर आणून देतो म्हणतो. दुसरा माजिवड्याच्या होर्डिंगचा फोटो पाठवतो. तिसऱ्याकडे रिक्षांच्या पाठी असतात. चौथी इन्फ्लुएन्सर असते आणि तिला 'कोलॅब' करायचं असतं. चौघेही 'रीच' सांगतात, म्हणजे किती लोकांच्या नजरेस पडणार तो आकडा, आणि तो बहुधा लाखांतच असतो. चष्म्याच्या किंवा मिठाईच्या दुकानदाराने यातलं काय निवडायचं?

नुसत्या रीचवर या चौघांची तुलना होत नाही. आधी विचारायचं ते हे: हे माध्यम कोणाच्या ताब्यात आहे, आणि पैसे थांबले की काय शिल्लक राहतं?

चार जाती, ताब्याप्रमाणे

या धंद्यात माध्यमांची विभागणी पेड, ओन्ड आणि अर्न्ड अशी करतात. फॉरेस्टर या संशोधन संस्थेने २००९ च्या अखेरीस तिची नीट मांडणी केली आणि तेव्हापासून ती रूढ आहे. पुढे सोशल मीडियासाठी 'शेअर्ड' ही चौथी जात आली. आपण त्यांना विकतचं, हक्काचं, कमावलेलं आणि सामायिक म्हणू.

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांना हे पटकन कळेल. विकतचं माध्यम म्हणजे पाण्याचा टँकर. पैसे मोजले की येतो, थांबवले की बंद. होर्डिंग, पॅम्प्लेट, पेपरमधली जाहिरात, गूगल आणि इन्स्टाग्रामच्या सशुल्क जाहिराती हे सगळे टँकर. हक्काचं माध्यम म्हणजे सोसायटीची टाकी: तुमच्या नावावरची वेबसाइट, दुकानाची पाटी, बिलाचा कागद, गिऱ्हाइकांची परवानगीने जमवलेली नंबरांची यादी. कमावलेलं माध्यम म्हणजे पाऊस. शेजारणीने शेजारणीला सांगितलं, कोणी स्वतःहून रिव्ह्यू लिहिला, 'ठाणे वैभव'सारख्या स्थानिक दैनिकाने बातमी केली. तो मागवता येत नाही, पण छपरावरचं पाणी अडवायची सोय आधी करून ठेवता येते. आणि सामायिक माध्यम म्हणजे पालिकेची लाइन. नळ तुमच्या घरात, पण दाब किती आणि शटडाउन कधी, हे ठरवणारे दुसरेच.

टाकी गळकी असेल तर टँकर वाढवून उपयोग नाही. बहुतेक छोट्या धंद्यांचा जाहिरातीचा पैसा इथेच जातो. होर्डिंग पाहून माणूस गूगलवर दुकानाचं नाव टाकतो, तिथे जुना फोन नंबर आणि 'कायमचे बंद' असा शेरा. महिन्याचं भाडं गेलं.

टाकी बांधायची कशी

सुरुवात गूगलच्या नकाशावरल्या नोंदीपासून, म्हणजे बिझनेस प्रोफाइलपासून करा. ती फुकट आहे. पडताळणीसाठी गूगल बहुधा छोटा व्हिडिओ मागतं: पाटी, आजूबाजूचा रस्ता, आतलं दुकान आणि दुकान तुमच्याच ताब्यात असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ शटर उघडताना किंवा काउंटरच्या आत जाताना. हे सलग एकाच व्हिडिओत घ्यायचं, तुकडे जोडून नाही.

नावाच्या जागी पाटीवरचंच नाव लिहा. 'अमुक ऑप्टिशियन बेस्ट चष्मा शॉप ठाणे वेस्ट' असं लांबवलं की काही दिवस बरं वाटतं, पण ते गूगलच्या नियमांविरुद्ध आहे. कोणी तक्रार केली तर नोंद निलंबित होते, आणि ती परत मिळवताना कागदपत्रं पाठवत बसावं लागतं.

पत्त्यात आपल्याकडे दोन खास घोटाळे होतात. नवी मुंबईत सेक्टरचे क्रमांक प्रत्येक नोडमध्ये पुन्हा येतात. वाशीतही सेक्टर १५, नेरूळलाही, बेलापूरलाही. पॅम्प्लेटवर किंवा रीलमध्ये नुसतं 'सेक्टर १५' लिहिलं की अर्धी माणसं भलतीकडे जातात. नोडचं नाव आणि जवळची खूण हवीच. घोडबंदर रोडवर नकाशातली पिन रस्त्याच्या नेमक्या बाजूला असली पाहिजे. ती पलीकडे पडली तर गाडीवाल्याला यू-टर्नचा वळसा बसतो आणि तो वैतागून दुसऱ्या दुकानात शिरतो.

वेळा भरताना गणपती, दिवाळी, होळीच्या सुट्ट्यांच्या वेगळ्या वेळाही भरा. 'उघडे आहे' वाचून आलेल्या माणसाला शटर बंद दिसलं तर तो एक तारा देऊन जातो, आणि तो तारा सुट्टीनंतरही राहतो.

त्यानंतर वेबसाइट. पाच पानांची पुरते, पण डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या नावावर घेतलेला असावा. 'सगळं आम्हीच बघतो' म्हणणाऱ्या एजन्सीच्या खात्यावर घेतला तर भांडण झाल्या दिवशी पत्ता तिच्याकडे राहतो. गूगल जाहिरातींचं खातं आणि फेसबुक पेज यांनाही हेच लागू. खातं तुमचं, एजन्सीला फक्त वापरायची परवानगी.

'वेबसाइट कशाला? इन्स्टाग्राम आहे की'

हा आक्षेप बाजारात सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि त्यात तथ्यही आहे. मेंदीवाली, केकवाली किंवा साडीविक्रेती यांचा बराचसा धंदा इन्स्टाग्रामवरच चालतो. अडचण ताब्याची आहे. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा तिथे लाखो फॉलोअर असलेल्यांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. त्यांच्याकडे त्या फॉलोअरांचा एकही फोन नंबर नव्हता. गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून फुकट दिलेल्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी तोच पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला होता त्यांची कार्डं रद्दीत गेली.

सोशल मीडिया जरूर वापरा. मात्र तिथे आलेला माणूस आपल्या यादीत कसा येईल याची वाट करून ठेवा. चष्म्याच्या दुकानासाठी ही वाट सोपी आहे. डोळे तपासल्यावर नंबरचं कार्ड व्हॉट्सॲपवर पाठवू का, असं विचारलं की क्वचितच कोणी नाही म्हणतं, कारण ते कार्ड त्यालाच हवं असतं. वाढत्या वयाच्या मुलांचा नंबर बदलत राहतो, म्हणून वर्षाने 'तपासणीची वेळ झाली' हा निरोप त्यांच्या पालकांना कामाचा वाटतो. दर सणाला फुलांच्या चित्रात दुकानाचा लोगो घालून पाठवणं ही मात्र स्वतःला ब्लॉक करून घ्यायची खात्रीची रीत आहे.

व्हॉट्सॲपची एक खोच लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून कार्ड पाठवतानाच 'नंबर सेव्ह करून ठेवा' हे सांगायचं. अनोळखी नंबरांच्या विकत घेतलेल्या याद्यांच्या नादी लागू नका. लोक 'रिपोर्ट' दाबतात आणि दुकानाचा नंबर बंद पडतो.

शिवाय आता कायदाही आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा, आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. काउंटरपुरता त्याचा अर्थ असा: नंबर कशासाठी घेतोय ते सांगा, होकार घ्या, आणि नको म्हटलं की यादीतून काढा. जाहिरातीचे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामकाच्या व्यवस्थेत, ज्याला डीएलटी म्हणतात, धंद्याची आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी लागते. हल्ली एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावापुढे 'पी', 'एस', 'टी' किंवा 'जी' हे रोमन अक्षर दिसतं. पी म्हणजे प्रचाराचा, एस सेवेचा, टी व्यवहाराचा आणि जी सरकारी.

टँकर मागवताना: पॅम्प्लेट आणि गूगल

'पेपर आता वाचतो कोण?' असं म्हणून पॅम्प्लेट मोडीत काढू नका. तीन किलोमीटरच्या आतल्या दुकानाला पॅम्प्लेट अजून परवडतं, कारण ते नेमक्या गल्लीपुरतं टाकता येतं. विक्रेते पहाटे पेपर लावतात तिथे त्या त्या लाइनचे पेपर किती, हे विचारून तेवढेच गठ्ठे द्यायचे. शनिवार-रविवार बरा. दसरा-दिवाळीच्या आठवड्यात एका पेपरात इतकी पत्रकं असतात की तुमचं पत्रक पेपर झटकतानाच खाली पडतं. सगळे गठ्ठे खरंच लागले का, हे पाहायचा साधा उपाय म्हणजे त्या भागातल्या चार-पाच ओळखीच्या घरी सकाळी फोन करणं. आणि पत्रकावर एखादी अशी खूण हवी की आणणाऱ्याला काही मिळेल, म्हणजे मोजता येईल.

गूगलच्या जाहिरातीत क्लिकला पैसे लागतात, नुसतं दिसण्याला नाही. माणूस 'चष्मा दुकान जवळ' शोधतो तेव्हाच ती दिसते, म्हणून गरज असलेला माणूस मिळतो. पण सेटिंग जशीच्या तशी ठेवली तर पैसा गळतो. जागेच्या सेटिंगमध्ये मुळात 'त्या भागात असलेले किंवा त्या भागात रस दाखवणारे' असं निवडलेलं असतं. दिल्लीत बसून ठाण्याची माहिती शोधणाराही त्यात येतो. 'त्या भागात असलेले' एवढंच ठेवा.

दुसरी गळती वर्तुळाची. दुकानाभोवती पाच किलोमीटरचं वर्तुळ काढलं की कासारवडवलीच्या वर्तुळात एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला खाडीपलीकडचा भिवंडी तालुका येतो. ऐरोलीच्या वर्तुळात मुलुंड-भांडुप येतं. नकाशावर जवळ, पण चष्म्यासाठी तिथून कोण येणार? नको ते भाग नावाने वगळता येतात.

तिसरी गळती शब्दांची. 'चष्मा दुकान नोकरी', 'जुने चष्मे दान', 'चष्म्याचा नंबर घालवायचे उपाय' हे शोधणारे तुमचे गिऱ्हाईक नाहीत. असे शब्द नकार यादीत टाकायचे. दर आठवड्याला लोकांनी प्रत्यक्ष काय शोधलं ते 'सर्च टर्म्स'मध्ये दिसतं, ते पाहून यादी वाढवत जायची. शिवाय फोन उचलायला माणूस नसेल त्या वेळी जाहिरात बंद ठेवा. रात्री अकराच्या क्लिकचेही पैसे लागतात.

रोजचं बजेट ४०० रुपये लिहिलं आणि एखाद्या दिवशी ८०० कापले गेले तर घाबरू नका. गूगल एका दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतं, पण महिन्याची मर्यादा रोजच्या रकमेच्या ३०.४ पट, म्हणजे इथे १२,१६० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला हा कर परत वळता करून घेता येत नाही, म्हणून तो खर्चातच धरायचा.

होर्डिंग: सहा सेकंद आणि काही कागद

ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर सरकते. होर्डिंग शंभर मीटरपासून वाचता येत असेल तर चालकाला सहा सेकंद मिळतात. त्यात नाव, काय मिळतं आणि कुठे, एवढंच मावतं. दहा अंकी फोन नंबर, तीन ऑफर आणि मालकाचा फोटो मावत नाही. तीन हात नाक्याच्या सिग्नलला किंवा घोडबंदरच्या कोंडीत जास्त वेळ मिळतो हे खरं, पण तोवर माणूस मोबाइल काढून बसलेला असतो.

दर विचारताना जागेचं मासिक भाडं, फ्लेक्सची छपाई आणि चढवण्याची मजुरी हे तीन आकडे वेगवेगळे घ्या. छपाई आणि मजुरी मजकूर बदलला की पुन्हा लागते. आणि परवानगीची प्रत व स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचं, म्हणजे सांगाडा भक्कम असल्याचं प्रमाणपत्र मागा. १३ मे २०२४ ला घाटकोपरला कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, मुंबई पालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. १७ जणांचा जीव गेला. कागद न पाहता जागा घेणारा जाहिरातदारही अशा सांगाड्याचं भाडं भरत असतो. विजेच्या खांबांवरचे, झाडांवरचे बिनपरवाना फ्लेक्स तर मालमत्ता विद्रूपीकरणाच्या १९९५ च्या कायद्यात बसतात, मग शेजारी कितीही नेत्यांचे वाढदिवस लटकलेले असोत.

छोट्या दुकानाला होर्डिंगपेक्षा मोठ्या गृहसंकुलात रविवारी सकाळी लावलेली कॅनोपी, म्हणजे छत्रीवजा छोटा स्टॉल, बहुधा जास्त देते. सोसायटी शुल्क घेते, पण चष्म्याच्या दुकानाने तिथे फुकट तपासणीचं यंत्र ठेवलं तर माणसं थांबतात, बोलतात आणि नंबर देतात. रेडिओ आणि टीव्ही एका दुकानासाठी नकोच. एफएमचा आवाज ठाण्यापासून कुलाब्यापर्यंत जातो आणि पैसे त्या सगळ्याचे लागतात.

पाऊस पाडता येतो का?

विकत घेतलेला रिव्ह्यू हा पाऊस नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात सवलत देणं गूगलच्या धोरणात बसत नाही, आणि ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक संस्थेचं आयएस १९०००:२०२२ हे मानकही आहे. काम झाल्यावर, चष्मा डोळ्यांवर चढून गिऱ्हाईक खूश असताना, काउंटरवरचा क्यूआर कोड दाखवून 'जमलं तर लिहा' एवढं म्हणणं चालतं. वाईट रिव्ह्यू आला तर वाद न घालता काय झालं आणि काय दुरुस्त केलं ते दोन ओळीत लिहा. वाचणारा नवा माणूस तक्रारीइतकंच उत्तरही पाहतो.

इन्फ्लुएन्सरची गोष्ट वेगळी. तिला पैसे दिले, चष्मा फुकट दिला किंवा जेवायला बोलावलं, तरी ती जाहिरातच, आणि रीलवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत, सरकारी मार्गदर्शिका जानेवारी २०२३ ची. दिशाभूल ठरली तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तिच्याशी बोलताना फॉलोअर किती हे विचारू नका. त्यातले ठाण्यातले किती, याचा स्क्रीनशॉट मागा. तो तिच्या इनसाइट्समध्ये, म्हणजे खात्याच्या आकडेवारीत असतो.

वकील आणि डॉक्टरांना यातलं बरंचसं बंदच आहे. बार कौन्सिलचा नियम ३६ आणि वैद्यकीय आचारसंहितेचे २००२ चे नियम त्यांना गिऱ्हाईक मागायला मनाई करतात. त्यांनी होर्डिंगवाल्याचा फोन लगेच ठेवलेला बरा.

'मग सगळीकडे थोडं थोडं टाकू का?'

महिन्याचे वीस हजार पाच ठिकाणी वाटले तर पाचही ठिकाणी कळण्याइतका पैसा पोचत नाही. एका वेळी विकतची दोन माध्यमं पुरे. हिशेब असा करायचा. समजा ५,००० पॅम्प्लेटचा छपाई-वाटपासह खर्च ९,००० रुपये आला, ती घेऊन ३० जण आले आणि १८ जणांनी चष्मा केला. एक गिऱ्हाईक ५०० रुपयांना पडलं. गूगलवर १२,००० गेले, ४० रुपयांच्या दराने ३०० क्लिक मिळाले, ४० फोन आले, २० जणांनी घेतलं. एक गिऱ्हाईक ६०० ला. वरकरणी पॅम्प्लेट स्वस्त. पण गूगलवरून आलेल्यांत प्रोग्रेसिव्ह (जवळचं-लांबचं एकाच काचेतून दिसणाऱ्या) लेन्सवाले जास्त असतील आणि त्यांच्या बिलात नफा दुप्पट असेल, तर निकाल उलटतो. म्हणून प्रत्येक बिलावर 'कुठून कळलं' याचा एक कोड लिहा: पी (पॅम्प्लेट), जी (गूगल), ओळख, पाटी. नुसतं तोंडी विचारून चालत नाही. महिनाअखेरीस कोणाला आठवत नसतं.

एजन्सी लावली असेल तर तिचं शुल्क आणि गूगलला प्रत्यक्ष गेलेले पैसे वेगळे दाखवायला सांगा. 'पॅकेज' शब्द आला की समजावं, जाहिरातीवर किती खर्च झाला ते कळणार नाही. आणि सशुल्क नसलेल्या निकालांत पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगल सांगतं.

निकाल किती दिवसांत बघायचा, हे माध्यमावर आहे. पॅम्प्लेटचे फोन पहिल्या तीन-चार दिवसांत येतात, मग संपतात. गूगलच्या जाहिरातीला शब्दांची छाननी होईपर्यंत महिना द्यावा, आणि त्या महिन्यात दर दोन दिवसांनी सेटिंग बदलू नयेत. रिव्ह्यू आणि यादी यांचा परिणाम सहा महिन्यांनी जाणवतो.

होर्डिंगचं मोजमाप सगळ्यात अवघड, कारण ते पाहून कोणी लगेच फोन करत नाही. त्यासाठी बिझनेस प्रोफाइलच्या 'परफॉर्मन्स' भागात लोकांनी कोणते शब्द शोधून तुम्हाला गाठलं ते पाहा. होर्डिंग लागण्याआधीच्या महिन्यात दुकानाचं नाव टाकून शोधणारे किती होते आणि नंतरच्या महिन्यात किती झाले, हा फरक लिहून ठेवा. 'चष्मा दुकान' टाकून येणारे त्यात धरू नका, ते होर्डिंगशिवायही आलेच असते.